दुकान चालू ठेवून : निसर्गदत्त महाराजांच्या वाटेवर आठ ओळींचे भाष्य

निसर्गदत्त महाराजांचे बहुतेक सारे बोलणे प्रश्नोत्तरांतून आले. विचारणारा बदलला की उत्तरही बदलत असे. काल एकाला जे धरायला सांगितले, तेच आज दुसऱ्याला सोडायला सांगितले जाई. अशा बोधावर ओळीगणिक भाष्य करायचे तर ओळी आणायच्या कोठून? आपल्याकडे ग्रंथकाराने आपलीच सूत्रे रचून त्यांवर आपणच भाष्य लिहिण्याची जुनी रीत आहे. तिला स्वोपज्ञ भाष्य म्हणतात. त्या रीतीने पुढच्या आठ ओळी मी बांधल्या आहेत. शब्द माझे आहेत, ते महाराजांच्या तोंडी कोणी घालू नयेत. आशय त्यांच्या चरित्रातला आणि त्यांच्या गुरुपरंपरेच्या, म्हणजे इंचगिरी संप्रदायाच्या, निरूपणातला आहे.

या भाष्याला एक पक्ष आहे, तो आधीच सांगतो. प्रपंचात राहून जागे होता येते, हे वाक्य आज फार लोकप्रिय आहे, आणि बहुतेक वेळा ते धीर देण्यासाठी वापरले जाते : काही बदलू नका, जमेल तेवढे करा, पुरे आहे. महाराजांच्या वाटेतून असा दिलासा काढणे मला अन्यायाचे वाटते. त्यांनी दुकान कायमचे सोडले नाही हे खरे, पण दुकान न सोडता जे सोडले ते संन्याशालाही जड जावे असे होते.

ओळ पहिली : वाट गल्लीतूनच गेली.

मारुती शिवरामपंत कांबळी, म्हणजे पुढचे निसर्गदत्त महाराज, यांचा जन्म १७ एप्रिल १८९७ रोजी मुंबईत, हनुमान जयंतीला झाला. म्हणून नाव मारुती. बालपण मालवणजवळच्या कांदळगावात गेले. वडील आधी मुंबईत घरकामाला होते, मग गावी येऊन शेती करू लागले. शिक्षण जवळजवळ नाही. घरी वडिलांचे स्नेही विष्णू हरिभाऊ गोरे यांचे येणेजाणे असे, आणि त्यांचे धार्मिक बोलणे हा मुलगा कान देऊन ऐके. १९१५ मध्ये वडील गेले. १९१८ मध्ये मारुती मुंबईला आला, काही काळ कारकुनी केली, ती सोडून धंद्यात पडला. मुलांचे कपडे, तंबाखू, पानाच्या विड्या असा माल होता. धंदा वाढत वाढत आठ दुकानांवर गेला. १९२४ मध्ये सुमतीबाईंशी लग्न झाले. पुढे एक मुलगा आणि तीन मुली.

या तपशिलांत चमत्काराची एकही जागा नाही, आणि म्हणूनच ते सांगावे लागतात. कोकणातून मुंबईला आलेल्या असंख्य माणसांचे आयुष्य असेच होते. १९३३ मध्ये यशवंतराव बागकर नावाच्या स्नेह्याने त्यांना सिद्धरामेश्वर महाराजांकडे नेले. मारुतीरावांचे वय तेव्हा छत्तिशीचे. हिमालय नाही, स्वप्नदृष्टांत नाही; ओळखीच्या माणसाने चल म्हटले आणि ते गेले. 'गल्ली' हा शब्द मी याचसाठी घातला. ज्याला आपण योगायोग म्हणून बाजूला सारतो, असा एखादा स्नेही, एखादे बोलावणे, तेच या वाटेचे दार होते.

ओळ दुसरी : गुरूने एक सांगितले, शिष्याने तेवढेच धरले.

सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६) मूळचे सोलापूरकडचे, इंचगिरीच्या भाऊसाहेब महाराजांचे शिष्य. इंचगिरी आज कर्नाटकात, विजापूर जिल्ह्यात आहे. ही परंपरा स्वतःला नवनाथांशी जोडते, पण निरूपणाला दासबोध घेते, आणि तिच्यातली माणसे बहुतेक संसारी आहेत. भाऊसाहेबांचेच एक शिष्य गुरुदेव रानडे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. सिद्धरामेश्वरांचे शिष्य रणजित महाराज मुंबईत हिशेबनिसाची नोकरी करत राहिले. आणि कणेरी मठाचे अधिपती मुप्पीन काडसिद्धेश्वर याच गृहस्थ गुरूकडे बोध घ्यायला आले. मठाधिपतीने प्रापंचिकासमोर बसावे, यात या परंपरेला काहीच उलटे वाटले नाही.

मारुतीरावांना गुरूने सांगितले ते थोडक्यात असे : तू स्वतःला जो समजतोस तो तू नाहीस, तू आहेस एवढे जे तुला कळते आहे, तिथे लक्ष ठेव. बस. पुढे आयुष्यभर महाराज हेच सांगत राहिले की आपण वेगळे काही केले नाही, गुरूच्या शब्दावर विश्वास ठेवला.

शंका : मग हा अंधविश्वासच झाला.

समाधान : कोणी सांगितले म्हणून एखादी गोष्ट मानून गप्प बसणे हा अंधविश्वास. इथे मानण्याजोगे काही दिलेलेच नव्हते. एक दिशा दिली होती, आणि तिकडे स्वतः पाहायचे होते. विश्वास लागला तो एवढ्यासाठी की तीन महिन्यांनी काही दिसले नाही म्हणून दुसरी पद्धत शोधायला जाऊ नये. आज साधनांची कमतरता कोणालाच नाही. एका साधनापाशी मुक्काम करणारी माणसे कमी आहेत. 'तेवढेच' या शब्दावर सारा भार आहे.

ओळ तिसरी : 'मी आहे' इथे थांब. पुढे जे जोडशील ते तुझे नव्हे.

ही या आठांतली मुख्य ओळ. तिच्यावर गैरसमजही सर्वांत जास्त झाले आहेत.

एक गैरसमज असा की 'मी आहे' हा मंत्र आहे आणि त्याचा जप करायचा. जप झाला की लक्ष शब्दावर बसते, आणि शब्द तर मनाचाच माल. दुसरा याच्या उलट : 'मी' म्हणजे अहंकार, तो तर टाकायचा, मग त्याच्यावर लक्ष कशाला? याचे उत्तर सिद्धरामेश्वरांच्या निरूपणात मिळते. ते दासबोधाच्या आधाराने स्थूल, सूक्ष्म, कारण आणि महाकारण अशा चार देहांची मांडणी करतात. स्थूल म्हणजे हा हाडामासाचा. सूक्ष्म म्हणजे मन, बुद्धी, इंद्रियांचे व्यापार. कारण म्हणजे नुसते विसरणे, काहीच न कळण्याचा काळोख; गाढ झोपेत आपण तिथे असतो. आणि त्या काळोखालाही जे जाणते, 'मला काही कळले नाही' असे उठल्यावर जे सांगते, ते महाकारण. 'मी आहे' हे भान या चौथ्या ठिकाणचे. तिथे अजून मारुती नाही, कांबळी नाही, कोकण नाही, दुकानदार नाही. अहंकार सुरू होतो तो या भानाला काहीतरी चिकटवल्यावर : मी अमक्याचा मुलगा, मी हुशार, मी फसवला गेलेला. म्हणून 'थांब' असे म्हटले आहे. भान टाकायचे नाही, चिकटवणे थांबवायचे.

आता हे रोजच्या दिवसात कोठे सापडते? सकाळी जाग येते त्या क्षणी. आपण जागे आहोत हे कळलेले असते, पण आज कोणता वार, कोणते काम, काल कोणाशी बिनसले, हे अजून आलेले नसते. दोन-तीन श्वासांचा तो काळ असतो. मग नाव येते, त्यामागून जबाबदाऱ्या येतात, आणि गळ्यापर्यंत भरलेला माणूस अंथरुणातून उठतो. हे प्रत्येकाला रोज घडते. त्यासाठी कोणतीही पात्रता लागत नाही. साधना एवढीच की त्या दोन-तीन श्वासांची ओळख पटावी, आणि मग दिवसात तीच जागा पुन्हा पुन्हा ओळखता यावी. ती जागा सकाळनंतर कोठे गेलेली नसते. तिच्यावर सामान साचलेले असते.

संप्रदायात दोन मार्गांची भाषा आहे : पिपीलिका म्हणजे मुंगीचा आणि विहंगम म्हणजे पक्ष्याचा. मुंगी झाडावर चढत चढत फळापाशी जाते, पक्षी थेट फांदीवर उतरतो. भाऊसाहेब महाराजांचा भर नामस्मरण आणि तासन्‌तासांच्या ध्यानावर होता. सिद्धरामेश्वरांनी तो कसून आचरला, आणि मग विवेकाने थेट जाण्याचा मार्ग शिकवला. गुरुबंधूंना हे रुचले नाही. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की पक्ष्याच्या मार्गात कष्ट नाहीत. मला तो पटत नाही. मारुतीराव फावला तेवढा वेळ त्या भानात बसून असत, आणि हे तीन वर्षे चालले. श्रवण थेट होते, पण ऐकलेले मुरायला वेळ लागला, आणि तो त्यांनी सगळाच्या सगळा दिला.

ओळ चौथी : गिऱ्हाईक आले तर ऊठ, गेले की पुन्हा तिथेच बस.

पूर्वपक्ष असा : धंद्यात मन बाहेर धावते, उधारी, गल्ला, नोकरांच्या कटकटी. अशा ठिकाणी अंतर्मुख कसे व्हावे? म्हणून निदान काही वर्षे तरी एकांत हवा.

याचे उत्तर महाराजांच्या १९३३ ते १९३६ या काळाकडे पाहून द्यावे लागते. दुकाने चालू होती, घर चालू होते, गुरूंची प्रवचने आणि भजने चालू होती. गुरूंच्या निरूपणांच्या नोंदीही ते घेत होते. त्याच नोंदींतून पुढे १९६१-६२ मध्ये 'अध्यात्मज्ञानाचा योगेश्वर' हा दोन भागांचा ग्रंथ निघाला. म्हणजे बाहेरची धावपळ होतीच, वर लिखाणाची भर पडली होती. तरीही काम झाले.

कसे झाले, याचे मर्म ओळीतल्या 'ऊठ'मध्ये आहे. आपण ध्यानाला वेळ ठरवतो आणि त्या वेळेत दाराची घंटा वाजली की चिडतो. चिडलो, याचा अर्थ आपण 'मी ध्यान करणारा' हे नवीन सामान त्या भानावर ठेवले होते. ते वाजवी की गैरवाजवी हा प्रश्नच नाही. ते चिकटवलेले आहे. गिऱ्हाइकाला विडीचे बंडल देताना 'मी आहे' हे भान कमी होत नाही. हात देतो, तोंड भाव सांगतो, बुद्धी सुट्टे पैसे मोजते, आणि हे सारे कळत असते. उठण्याला विरोध नसेल तर परत बसायला अंतर उरत नाही.

इथे सुरुवातीला दिलेल्या इशाऱ्याची आठवण करून देतो. 'प्रपंचातच साधना' म्हणत बरेच जण फक्त प्रपंच करतात. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांचे मन गिऱ्हाइकाबरोबर रस्त्याच्या टोकापर्यंत जाते, मग शेजारच्या दुकानात डोकावते, मग उद्याच्या मालाकडे. ओळीचा दुसरा अर्धा भाग, 'पुन्हा तिथेच बस', हा पहिल्यापेक्षा कठीण आहे.

ओळ पाचवी : निघालास तर परतायला शीक.

९ नोव्हेंबर १९३६ रोजी सिद्धरामेश्वर महाराज मुंबईत निवर्तले. त्यांची समाधी बाणगंगेला आहे. पुढच्या वर्षी मारुतीरावांनी घर, धंदा, सारे सोडले आणि ते निघाले. भारतभर फिरले. वाटेत एका गुरुबंधूची गाठ पडली. संसाराकडे पाठ फिरवण्यापेक्षा संसारात राहून निरिच्छ कर्म करणे अधिक मोलाचे, हे त्याच्याशी बोलताना त्यांना पटले. आठेक महिन्यांनी, १९३८ मध्ये, ते मुंबईला परतले. आठांपैकी एकच दुकान उरले होते. कुटुंबाला तेवढे पुरे आहे असे म्हणून ते त्याच दुकानात बसू लागले.

चरित्रकार या प्रसंगाकडे बहुधा वाट चुकल्याची आणि सावरल्याची गोष्ट म्हणून पाहतात. मी तसे पाहत नाही. जो कधी निघालाच नाही, त्याचे घरी राहणे ही सवयही असू शकते. मारुतीरावांनी सोडून पाहिले, आणि सोडणाराही आपल्याबरोबर चालतोच आहे हे त्यांना उमगले. त्यानंतरचे त्यांचे घरी राहणे आधीच्या घरी राहण्यासारखे नव्हते. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळला नसता : तोच फळा, तोच माल, दुकाने तेवढी सात कमी.

सुमतीबाईंचाही विचार इथे केला पाहिजे. नवरा निघून गेला, धंदा आटत गेला, आणि लेकरांसह घर त्यांनी चालवले. परतणाऱ्याला परतायला घर राहिले ते त्यांच्यामुळे. महाराजांच्या चरित्रांत त्यांना दोन ओळींपलीकडे जागा नाही, आणि संसारातल्या जागृतीबद्दल एवढे लिहिले जात असताना ही उणीव मला बोचते. ज्या वाटेला आपण 'दैनंदिन' म्हणतो, तिचा दिवस कोणाच्या कष्टांवर उभा असतो, हे नोंदवल्याशिवाय भाष्य पुरे होत नाही.

ओळ सहावी : घरात मरण येईल.

१९४२-४३ च्या सुमारास सुमतीबाई गेल्या. त्याच काळात आई गेली. ओळ मुद्दाम एवढ्यावरच थांबवली आहे. 'पण ज्ञानी डगमगत नाही' असे पुढे जोडण्याचा मोह होतो, तो टाळला. ज्ञानाने मरण टळत नाही, उशिराही येत नाही. स्वतः महाराजांना १९८० मध्ये घशाचा कॅन्सर झाला. आयुष्यभर विड्या विकल्या, स्वतःही ओढल्या, प्रश्नोत्तरे चालू असतानाही ओढल्या.

शंका : ज्याला विडी सुटली नाही त्याला मुक्त कसे म्हणावे?

समाधान : ही शंका खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. पण तिच्यात मुक्तीची एक कल्पना गृहीत धरलेली आहे, देहाच्या सर्व सवयी उत्तम होतील अशी. या परंपरेने तसे वचन कधीच दिलेले नाही. देहाचे भोग देहाच्या कारणांनी येतात, तंबाखूचे तंबाखूने. दुखणे वाढले, आवाज बसत गेला, तरी ते जमेल तेवढे बोलत राहिले, आणि आपल्या दुखण्याला त्यांनी गूढ अर्थ दिला नाही. या साधेपणाला मी शांतीपेक्षा जास्त मान देतो.

ओळ सातवी : जे धरलेस तेही सोड.

तिसऱ्या ओळीत जिथे थांबायला सांगितले तिथेच घर बांधायचे नाही. चार देहांच्या मांडणीत महाकारणही देहच. त्याच्याही पलीकडे परब्रह्म. शेवटच्या वर्षांत महाराज यावर फार जोर देत. 'मी आहे' ही जाणीव अन्नरसावर टिकणारी आहे; मूल जन्मल्यावर दोन-तीन वर्षांनी ती प्रकटते, आणि देहाबरोबर मावळते. ती आली त्याअर्थी तिच्याआधी कोणीतरी होता. त्याला 'आहे' म्हणता येत नाही, 'नाही'ही म्हणता येत नाही. या ओळीवर अधिक लिहिणे म्हणजे तिच्याविरुद्ध लिहिणे.

ओळ आठवी : दार उघडे ठेव.

१९५१ पासून महाराज नामदीक्षा देऊ लागले. १९६६ मध्ये दुकान मुलाच्या हाती दिले. खेतवाडीच्या दहाव्या गल्लीतल्या घराच्या माळ्यावर एक लहानशी खोली होती. अरुंद जिना चढून माणसे वर येत. भिंतींवर गुरुपरंपरेच्या तसबिरी. सकाळ-संध्याकाळ प्रश्नोत्तरे आणि ठरल्या वेळी भजन. हे भजन महत्त्वाचे आहे. 'तू देह नाहीस' असे तोडून सांगणारा माणूस थोड्या वेळाने उभा राहून टाळ वाजवत गुरूंचे गुणगान करी. दोन्ही एकाच खोलीत, एकाच माणसाकडून. पुढे जगभर त्यांचा बोध वाचला गेला, तो बराचसा भजन वगळून. त्याने तो सुटसुटीत झाला, कोरडाही झाला.

तो जगभर गेला तो मॉरिस फ्रिडमन यांच्यामुळे. वॉर्सा शहरात जन्मलेले हे ज्यू अभियंते १९३० च्या दशकात भारतात आले. गांधीजी, रमण महर्षी, कृष्णमूर्ती यांच्या सहवासात राहिले. औंध संस्थानात राजेसाहेबांनी रयतेच्या हाती कारभार दिला, त्या प्रयोगात त्यांचा मोठा वाटा होता. इतके पाहिलेला माणूस उतारवयात खेतवाडीचा जिना चढला आणि तिथेच रमला. मराठी ध्वनिफितींवरून त्यांनी केलेले भाषांतर 'आय अ‍ॅम दॅट' या नावाने मुंबईच्या चेतना प्रकाशनाने १९७३ मध्ये काढले. त्यानंतर परदेशी माणसांची रीघ लागली. महाराज शेवटपर्यंत मराठीतच बोलले. बाजूला दुभाषे असत. ८ सप्टेंबर १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.

मराठीत बोललेला हा बोध अनेक मराठी माणसांनी प्रथम इंग्रजीत वाचला. त्याबद्दल खंत करत बसण्यापेक्षा वाचकाला एक विनंती करतो. इंग्रजी पुस्तक वाचले असेल तर आता उलट दिशेने या. त्या पुस्तकाचा मराठी अवतार 'सुखसंवाद' वाचा, आणि मग 'अध्यात्मज्ञानाचा योगेश्वर' हाती घ्या. सुरुवात चार देहांच्या निरूपणापासून करा, आणि ते पुरते कळेपर्यंत दुसरे पुस्तक उघडू नका.